सुकन्याच्या डाव्या नडगीवर

मी पट्टी बोलतेय. डाव्या पायाच्या नडगीवरची. फुटबॉल खेळणाऱ्या मुली मोज्याच्या आत घालतात ना, ती. शिनगार्ड म्हणतात मला. समोरून येणारी लाथ हाडावर बसू नये म्हणून मध्ये मी असते. आता सांगायला लाज वाटते, पण मी मुळातच भित्री आहे. शेजारच्या घरात ताट पडलं तरी दचकते. लाथा खायच्या कामावर असली पट्टी कुणी लावली, असं तुम्ही म्हणाल. मला तरी कुठं कुणी विचारलं होतं?

माझा जन्म नांदेडचा. तिथं एका मैदानाच्या भिंतीला लागून खाजामियाँचं रिक्षाच्या सीटा शिवायचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रे, खाली एक मशीन, फोमचे तुकडे आणि रेक्झिनची भेंडोळी. सुकन्या तिथं लंगडत आली. वय अठरा. चाकूर तालुक्यातल्या शेतकऱ्याची पोरगी, कॉलेजसाठी नांदेडला होस्टेलवर राहायची आणि संध्याकाळी मल्लिनाथ सरांच्या हाताखाली फुटबॉल खेळायची. सरांनी बजावलं होतं, "उद्या नडगीला काही बांधून आलीस तर खेळ. न्हाईतर बाहेर बस."

खाजामियाँनी तिचा मोजा खाली करायला लावला आणि डोक्याला हात लावला. आत वहीचा पुठ्ठा होता. घामानं भिजलेला, त्यावर अजून 'विषय : भूगोल' दिसत होतं.

"बेटी, तू फुटबॉल खेल रई या पेपर दे रई?"

"चाचा, हसू नका. लई दुखतंय."

मग त्यांनी शेजारच्या बांधकामावरून पीव्हीसी पाइपचा एक तुकडा उचलून आणला. करवतीनं उभा कापला, स्टोव्हवर धरून नरम केला आणि तिच्याच पायावर, मध्ये फडकं घालून, दाबून आकार दिला. आत फोम, वर लाल रेक्झिन, मागं इलॅस्टिक. तशा आम्ही दोघी झालो, मी डावी आणि ती उजवी. माझ्या आतल्या बाजूला पाइपवरचा आयएसआयचा शिक्का तसाच राहिला. खाजामियाँ म्हणाले, "देख, सरकारी मान्यता भी है."

दुसऱ्या दिवशी मला पहिली लाथ बसली. मी इतकी घाबरले की काय झालं तेच मला कळलं नाही. सुकन्याला मात्र काहीच झालं नाही. ती वर बघून हसली. तेव्हा मला वाटलं, आपण भ्यायलो तरी चालतं. फक्त जागा सोडायची नाही.

सुकन्या स्टॉपर होती. म्हणजे आपल्या गोलकीपरच्या पुढं उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्यांना अडवायचं. ते काम मी पुढं बारा वर्षं अगदी जवळून पाहिलं. त्याच्याइतकं एकटं काम मैदानावर दुसरं नाही. आपला संघ पलीकडच्या टोकाला गोल करतो, सगळ्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडतात. सुकन्या आनंदानं पळत निघायची. पण अंतर लांब. ती पोचेपर्यंत मिठी सुटलेली असायची आणि सगळ्या परत फिरलेल्या. मग तीही फिरायची, आपल्या जागेकडं चालत यायची. असं कितीदा तरी झालं. शेवटी शेवटी ती निघायचीच नाही. जागेवरूनच टाळ्या वाजवायची.

इथं आमच्या मैदानावरची एक सवय सांगायला हवी. आपल्याकडं कुणाला चुकून पाय लागला की आपण वाकतो, त्याच्या अंगाला हात लावतो आणि तो हात छातीला नेतो. नांदेडच्या त्या मैदानावर सगळ्याच पोरी हे करायच्या. पायाला पाय लागला की दोघी वाकायच्या, "लागलं का गं?" "न्हाई, असू दे," आणि मग उठायच्या. तेवढ्या वेळात बॉलला कुणी हात, म्हणजे पाय, लावायचं नाही. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण बॉल थांबायचा. मल्लिनाथ सरसुद्धा शिट्टी तोंडातून काढून वाट बघायचे. तेही तसेच खेळून मोठे झालेले. यात काही चुकतंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

कोरोनाच्या आधीच्या वर्षी दक्षिणेतल्या एका क्लबानं सुकन्याला घेतलं. महिलांच्या लीगमध्ये, पगारावर, एका सीझनसाठी. वडील, शेषेराव, तयार नव्हते. ते रानातला माणूस. कमी बोलणारे. पोरीनं शिकावं, नोकरी करावी, सोयरीक चांगली यावी, एवढंच त्यांचं गणित. आई सिंधुबाईंनी कसंबसं वळवलं. "एक वर्ष," शेषेराव म्हणाले. "दिवाळीला बघू."

क्लबानं तिला कंपनीची नवी शिनगार्ड दिली. हलकी, चकचकीत. तिनं ती पिशवीत ठेवली आणि आम्हालाच घातलं. मॅचच्या आधी रेफरी सगळ्यांची शिनगार्ड तपासते. तिनं मला उलटं केलं, शिक्का वाचला आणि हसली. "आयएसआय मार्क है? चलेगा, चलेगा." शेजारच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मी मोज्यात तोंड लपवलं.

आणि चौथ्या मॅचला ते झालं.

शेवटची दहा मिनिटं उरली होती, कुणाचाच गोल नव्हता. पिवळ्या जर्सीतली एक पोरगी वेगानं आली. सुकन्यानं घसरत पाय घातला आणि बॉल काढला. फार सुंदर काढला, खरंच. पण त्या ओघात तिचा पाय त्या पोरीच्या पोटरीला लागला. रेफरीनं शिट्टी मारली नाही, खेळ चालूच होता. बॉल चार हातांवर पडला होता. आणि सुकन्या वाकली. त्या पोरीच्या गुडघ्याला हात लावला, तो छातीला नेला. पापणी लवते तेवढा वेळ. तेवढ्यात दुसरी एक पिवळी जर्सी आली, बॉल घेतला आणि गोलात मारला.

ती पडलेली पोरगीसुद्धा सुकन्याकडं बघत राहिली. आपल्याला कुणी नमस्कार का केला, तिला कळलंच नाही.

कोचनं पुढच्या मॅचच्या यादीतून तिचं नाव काढलं. उरलेल्या मॅचेस सुकन्या बाकावर बसून राहिली आणि मीही मोज्यात तिच्याबरोबर. सीझन संपला तेव्हा तिला सांगितलं, पुढच्या वर्षी गरज नाही. तिनं एवढ्या घाईत सामान भरलं की क्लबच्या होस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेली माझी उजवी तिथंच राहिली. मी बुटात खुपसलेली होते म्हणून वाचले. गाडी सुटली तरी मला वाटत होतं, आता आठवेल हिला, आता उतरेल. नांदेडच्या अलीकडं, मुदखेडला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा तिनं पिशवी उघडली, चाचपली आणि मग हळूच बंद केली.

पण खरी गंमत गावाकडं झालेली होती. गंमतच म्हणायची. त्या गोलचा व्हिडिओ कुणीतरी गाणं लावून सगळीकडं फिरवला होता. 'संस्कारी डिफेंडर' असं वर लिहून. चाकूरच्या बाजारात, एसटी स्टँडवर, ज्याच्या त्याच्या फोनवर सुकन्या वाकत होती. शेषेरावांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदा असा ऐकला. भरून आल्यासारखा.

"पोरी, बघितलं मी. एवढ्या लोकांत, एवढ्या लांब, पण विसरली न्हाईस."

"आबा, त्यामुळंच आमच्यावर गोल झाला."

"गोल काय, होत राहतेत. सगळं गाव म्हणतंय, शेषेरावच्या लेकीला वळण हाय."

सुकन्यानं फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा बापानं तिच्या खेळाचं कौतुक केलं होतं आणि ते तिच्या सगळ्यात मोठ्या चुकीचं होतं. हे ती सांगणार कुणाला? मी होते, पण मी काय पट्टी.

ती परत मल्लिनाथ सरांकडं गेली. सरांनीही तो व्हिडिओ पाहिलेला होता. "माझीच चूक हाय," ते म्हणाले. "मीच थांबवायला पाहिजे होतं." मग त्यांनी खिशातून दोन लिंबं काढली. "दोन्ही मुठीत धर. खेळ संपेपर्यंत मूठ उघडायची न्हाई. पाय लागू दे, कुणी पडू दे. मूठ बंद म्हणजे बंद."

पहिल्या दिवशी लिंबं सात वेळा खाली पडली. पोरी चिडवायच्या, "आली बघा लिंबूवाली. दृष्ट काढायला आली का गं?" कधी ती इतकी जोरात मूठ आवळायची की रस कोपरापर्यंत ओघळायचा. तीन महिन्यांनी लिंबं जशीच्या तशी परत यायला लागली. मग लिंबं नसली तरी हात जागचा हलेना. मैदानावरच्या बाकीच्या पोरी अजून वाकायच्या. ही ताठ उभी राहायची, बॉल घ्यायची आणि निघून जायची. हळूहळू त्या हिच्याशी बोलेनाशा झाल्या. भांडण नाही, काही नाही. ही आली की बोलणं थांबायचं, एवढंच. सुकन्या बुटाची नाडी दोनदा बांधायची, पाणी हळूहळू प्यायची, काहीतरी काम असल्यासारखं दाखवायची. मला तिची ही धडपड कळायची. मलाही उजवीशिवाय तसंच व्हायचं. तिच्या उजव्या पायावर आता कंपनीची पट्टी असायची. ती माझ्याशी कधी बोलली नाही.

मग दुसऱ्या एका क्लबानं तिला घेतलं आणि या वेळी सुकन्या टिकली. एक सीझन, दोन, पाच. वर्तमानपत्रात तिचं नाव कधी आलं नाही, पण कोच संघ लिहायला बसला की पहिलं नाव तिचं लिहायचा. समोरची पोरगी कुठं पळणार हे सुकन्याला तिच्या आधी कळायचं. बॉल यायच्या आत ही तिथं उभी. पुष्कळदा तिला पाय घालावाच लागायचा नाही आणि मला दचकायची वेळच यायची नाही. ते आमचे सगळ्यात चांगले दिवस.

पण हे गावात कुणाला दिसणार? फोनवर मॅचचे तुकडे यायचे, त्यात फक्त गोल. आपल्या संघानं गोल केला तर सुकन्या त्या चित्रातच नसायची, ती लांब मागं. समोरच्यांनी केला तर मात्र हमखास दिसायची. घसरलेली, नाहीतर गोलातल्या जाळीकडं बघत कमरेवर हात ठेवून उभी. वाचवलेला गोल कुणी दाखवत नाही. दर दिवाळीला शेषेराव हातातला फोन पुढं करायचे.

"तू पडलेलीच दिसतीस गं दरवेळी."

"आबा, ते तेवढंच दाखवतात."

"आणि आता पाय लागला तरी वाकत न्हाईस. पहिलं वाकत होतीस." हे ते रागानं म्हणायचे नाहीत. हरवलेल्या वस्तूबद्दल बोलावं तसं म्हणायचे. सुकन्या ताटातला लाडू फोडत बसायची, खायची नाही.

गेल्या दिवाळीला ते स्पष्टच बोलले. "ह्या वर्षी जा. हे शेवटचं. तीस वर्षांची झालीस. नुसतं मागं मागं पळायचं आणि पडायचं, त्यासाठी किती दिवस घालवायचे माणसानं?" सिंधुबाईंनी काही म्हणायला तोंड उघडलं, शेषेरावांनी हात वर केला. विषय संपला.

सुकन्यानं खाजामियाँना फोन केला. रडली नाही, फक्त सांगितलं. पलीकडं मशीन थांबल्याचा आवाज आला. "हैदराबाद में मॅच है ना तेरी, फेब्रुवारी में? मैं लाता उनको. तू फिकर मत कर, बस मेरी पट्टी बांध के खेल."

मला हे ऐकून धडकी भरली. बापाला आणणार? पुरती मॅच दाखवणार? आणि हिनं पाय लागल्यावर नमस्कार नाही केला तर ते सगळ्यांसमोर उठून जाणार नाहीत? मॅच येईपर्यंत मी नुसती काळजीच केली.

खाजामियाँ खरंच आदल्या दिवशी चाकूरला जाऊन पोचले. लातूर रोडच्या स्टेशनवरून हैदराबादची गाडी धरून दोघं आले. मॅचच्या आधी सुकन्यानं प्रेक्षकांत त्यांना पाहिलं. मला ते तिच्या पायावरून कळलं, पोटरी एकदम घट्ट झाली.

त्या मॅचमध्ये सांगण्यासारखं काही घडलं नाही. म्हणजे गोल झाला नाही. समोरच्या संघात नऊ नंबरची एक पोरगी होती, वाऱ्यासारखी. सुकन्या नव्वद मिनिटं तिच्या आणि गोलाच्या मध्ये राहिली. ती डावीकडं गेली, ही डावीकडं. ती थांबली, ही थांबली. शेवटी शेवटी एकदाच ती निसटली. पुढं फक्त गोलकीपर. सुकन्या मागून, बाजूनं आली, डावा पाय पूर्ण लांबवला. बॉल बाजूला उडाला आणि नऊ नंबरचा बूट सगळ्या ताकदीनं माझ्यावर बसला.

कडाड. मी वरपासून खालपर्यंत फुटले. पण आत तिचं हाड शाबूत होतं, ते मी पहिलं बघितलं.

नऊ नंबर खाली पडली होती. सुकन्याचा पाय तिच्या पायाला लागला होता, स्पष्ट. मी वाट बघत होते. ती वाकली नाही. उठली, धावत आपल्या जागेवर गेली, हात वर करून बाकीच्यांना पुढं बोलावलं.

आता संपलं, मला वाटलं. आता ते उठले असतील.

शिट्टी झाली. सुकन्या प्रेक्षकांपुढच्या कुंपणाच्या जाळीपाशी गेली. पलीकडं दोघं उभे होते. खाजामियाँच सुरू झाले, "अरे सुकन्या, ये तेरा बाप अजीब आदमी है. पूरा टाइम बॉल की तरफ देखाच नईं. मैं बोल्या, 'शेषेराव, बॉल उधर है.' बोलते, 'गप बस.'"

शेषेराव जाळीला बोटं अडकवून उभे होते.

"ती नऊ नंबरची पोरगी," ते म्हणाले, "तिला तू येऊच देत नव्हतीस."

"हाव."

"ती यायच्या आधी तू तिथं."

"हाव, आबा."

"राखण करायलीस की गं तू." त्यांनी जाळी घट्ट धरली. "मला वाटलं, नुसतं खेळतीस."

सुकन्या जाळीच्या आणखी जवळ सरकली.

"आबा, पाय लागला होता तिला. मी वाकले न्हाई."

शेषेरावांनी विचार केला. "ज्वारी हुरड्याला आली की मी गोफण घेऊन उभा असतो. तवा पाव्हणा आला तरी राम राम करत न्हाई. पाखरं तेवढीच वाट बघतेत." मग जरा थांबून म्हणाले, "नंतर करतो. घरी आल्यावर."

"मग पुढच्या वर्षी?"

"रान उभं असताना राखणदार घरी बोलवतंय का कुणी?"

सुकन्या जाळीला कपाळ टेकवून उभी राहिली. खाजामियाँ उगाच दुसरीकडं बघत टोपी नीट करत होते. मग तिनं मोजा खाली करून मला बाहेर काढलं. लाल रेक्झिन फाटलं होतं, पाइपची चीर आरपार दिसत होती. "चाचा, ही गेली," ती म्हणाली. "कंपनीची घालावी लागणार आता."

"फेकू नको," शेषेराव म्हणाले आणि जाळीच्या खालून हात घातला. तिनं मला त्या हातात दिलं. तिचा अंगठा क्षणभर माझ्यावर राहिला, आणि सुटला.

त्याला आता आठ महिने झाले. सुकन्या पुढच्या सीझनला गेली. मी चाकूरकडच्या तिच्या घरी, पुढच्या खोलीत, खुंटीला इलॅस्टिकनं टांगलेली आहे. जे व्हायला हवं होतं तेच झालं, हे मला कळतं. ती खेळत राहावी म्हणूनच तर मी होते. तरी, खरं सांगू, इथं फार शांत आहे. बारा वर्षं एका पायाची ऊब अंगाला होती. आता सकाळी ऊन येतं भिंतीवर, ते माझ्यापर्यंत येता येता परत फिरतं.

शेषेराव आता मॅचचे तुकडे बघत नाहीत. आख्खी मॅच बघतात, नव्वद मिनिटं, खाटेवर बसून. शेजारचे रामलिंगकाका मध्येच येतात. "काय शेषेराव, गोल झाला का?"

"गोल नको बघू. मागं बघ, मागं. त्या कोपऱ्यात."

"तिथं तर कायबी न्हाई."

"न्हाई ना? ते तिनंच न्हाई होऊ दिलं."

मी खुंटीवरून ऐकते. बूट बुटावर आदळल्याचा आवाज आला की आजही दचकते. मला कुठं लागणार आहे आता, पण दचकते. नवी पट्टी तिला पुरेशी घट्ट बसते का, फोम जाड आहे का, घाम आला की सरकत तर नाही ना, हे कुणी मला सांगत नाही. शेषेरावांची पाठ माझ्याकडं असते. फोन त्यांच्या मांडीवर, आणि मला दिसतो तो नुसता त्यांच्या टोपीचा काठ आणि पडद्याचा हिरवा उजेड.

फार काही मागत नाही मी. पायावर परत बांधा असं म्हणत नाही, मी फुटलेली आहे. फक्त, आबा, तुम्हाला जमलं तर, तो फोन जरा इकडं तिरका धरा. मला तिचा डावा पाय बघायचाय.